निघून गेलेल्या द्रवाचा इतिहास: सच्छिद्र पटले कशी घडली?

१/
आज असंख्य स्वयंपाकघरांच्या भिंतीवर आरओ यंत्र टांगलेले असते. वर्षा-दोन वर्षांनी दुरुस्ती करणारा येतो, ‘मेम्ब्रेन गेली’ असे सांगतो आणि आतील पांढरी गुंडाळी बदलून जातो. त्या गुंडाळीतील पातळ पटलाला पडलेली भोके कोणी सुईने टोचलेली नसतात. ती एका द्रवाने घडवलेली असतात आणि तो द्रव तयार पटलात शिल्लक राहिलेला नसतो. हा थ्रेड त्या नाहीशा झालेल्या द्रवाच्या, म्हणजेच द्रावकाच्या, इतिहासाचा.

२/
कृती ऐकायला सोपी आहे. पॉलिमर एखाद्या द्रावकात विरघळवायचे, पाकासारखे दाट द्रावण करायचे, काचेवर त्याचा पातळ थर पसरायचा आणि मग द्रावक काढून घ्यायचा. तो हवेत उडून जाऊ द्यावा, नाहीतर थर पाण्यात बुडवून पाण्यावाटे बाहेर ओढून घ्यावा. जाताना द्रावक जी जागा सोडतो, तिची रंध्रे होतात. द्रावक कोणता होता, किती वेगाने गेला आणि त्याच्या जागी कोण आले, यावर पटलाचे सारे भवितव्य ठरते. हे समजायला माणसाला शतकाहून अधिक काळ लागला.

३/
आरंभ स्फोटकापासून होतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ख्रिस्टियन शोनबाइन यांनी नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांत कापूस बुडवून भडकून पेटणारा ‘गन कॉटन’ तयार केला. वर्ष होते १८४६. लवकरच लक्षात आले की कमी नायट्रेट झालेला असा कापूस ईथर व अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळतो आणि मिश्रण उडून गेले की मागे पारदर्शक पापुद्रा उरतो. या चिकट द्रावणाला कोलोडियन म्हणू लागले. शल्यवैद्य ते जखमेवर लावत. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी त्यातून छायाचित्रणाची नवी पद्धत उभी केली.

४/
हाच पापुद्रा प्रयोगशाळेतही पोहोचला. पदार्थांच्या विसरणाचा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या आडॉल्फ फिक यांनी १८५५ च्या सुमारास कोलोडियनची पटले वापरली. मात्र ही पटले लहरी होती. ईथर झपाट्याने उडते, अल्कोहोल रेंगाळते आणि हवेतील ओलावा मध्येच शिरकाव करतो. थर थोडा अधिक वाळला की पटल घट्ट होई आणि लवकर पाण्यात टाकला की सैल राही. कोरड्या दिवशीचे पटल दमट दिवशीच्या पटलासारखे निघत नसे. द्रावकाच्या जाण्यावर ताबा नव्हता, म्हणून रंध्रांवरही नव्हता.

५/
तो ताबा मिळवण्याचा पहिला शिस्तबद्ध प्रयत्न जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे हाइनरिख बेकहोल्ड यांनी केला. १९०७ मध्ये त्यांनी ईथर-अल्कोहोलऐवजी ग्लेशियल ॲसिटिक आम्ल हा द्रावक घेतला. त्यातील कोलोडियन गाळणकागदात मुरवून त्यांनी तो कागद पाण्यात बुडवला. ॲसिटिक आम्ल पाण्यात सहज मिसळते, त्यामुळे ते बाहेर पडले, पाणी आत शिरले आणि पॉलिमर जागच्या जागी गोठले. आता हवामानावर अवलंबून राहण्याचे कारण नव्हते. द्रावण जितके दाट, तितकी रंध्रे बारीक, असा सरळ हिशेब हाती आला. ‘अल्ट्राफिल्ट्रेशन’ हा शब्दही त्यांचाच.

६/
याच पापुद्र्याने वैद्यकातही पाऊल टाकले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१३ मध्ये कोलोडियनच्या नळ्यांतून कुत्र्याचे रक्त फिरवले. नळ्यांबाहेरील क्षारद्रावणात रक्तातील लहान रेणू उतरले आणि मोठी प्रथिने आतच राहिली. रक्त साकळू नये म्हणून त्यांनी जळवांपासून मिळणारे हिरुडिन वापरले. पुढच्या डायलिसिसची ही पूर्वखूण मानली जाते. या कामात मोठ्या भोकाची चूक परवडणारी नव्हती, कारण रंध्र प्रमाणाबाहेर मोठे झाले तर रक्तातील प्रथिनेच वाहून जाणार.

७/
द्रावकांच्या मिश्रणाला खऱ्या अर्थाने कारागिरीचे रूप दिले ते लंडनमधील विल्यम एल्फर्ड यांनी. नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये काम करताना १९३१ मध्ये त्यांनी ‘ग्रॅडोकोल’ नावाची श्रेणीबद्ध पटले जाहीर केली. ईथर, अल्कोहोल आणि ॲसिटोन यांच्या मिश्रणात त्यांनी थोडे अमाइल अल्कोहोल घातले. ईथर ३५ अंश सेल्सियसला उकळते, ॲसिटोन ५६ अंशांना, तर अमाइल अल्कोहोलला १३० अंशांहून अधिक तापमान लागते. त्यामुळे चांगले द्रावक आधी उडत आणि पॉलिमरला नीट न विरघळवणारा, मंद द्रव मागे उरे. त्याच्या सान्निध्यात पॉलिमर गोळा होत जाई आणि मध्ये मोकळ्या जागा पडत.

८/
मिश्रणाचे प्रमाण किंचित बदलले की रंध्रांचा आकारही ठरावीक रीतीने बदले. एल्फर्ड यांच्या हाती जणू चाळण्यांची उतरंडच आली. तिचा उपयोग काय, हे लवकरच दिसले. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू त्याच संस्थेतील संशोधकांनी १९३३ मध्ये वेगळा केला होता. एल्फर्ड, अँड्र्यूज आणि टँग यांनी १९३६ मध्ये पटलांच्या साहाय्याने त्याचा आकार काढला: सुमारे ८० ते १२० नॅनोमीटर. तोवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतून या विषाणूचे चित्र कोणी पाहिलेले नव्हते. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचे माप चार-पाच द्रवांच्या मिश्रणाने दिले आणि ते आजच्या मापाशी जुळते.

९/
दुसऱ्या महायुद्धाने या पटलांना वेगळे काम दिले. बाँबहल्ल्यांत जर्मन शहरांच्या पाणीयोजना उद्ध्वस्त झाल्या आणि पिण्याच्या पाण्यात जीवाणू आहेत का, हे लवकर कळणे निकडीचे झाले. पाणी पटलातून गाळायचे, वर अडकलेले जीवाणू तिथेच वाढू द्यायचे आणि त्यांच्या वसाहती मोजायच्या, ही पद्धत तेथे रुजली. युद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या पाठबळाने कॅलिफोर्नियात अलेक्झांडर गोएट्झ यांनी जर्मन पटलांच्या निर्मितीवर काम केले. त्यातूनच पुढे १९५४ मध्ये मिलिपोर ही कंपनी उभी राहिली.

१०/
तोवरची पटले जीवाणू आणि विषाणू अडवत होती. मीठ ही वेगळीच गोष्ट होती. पाण्यात विरघळलेले मीठ वेगळे करायचे तर अत्यंत घट्ट पटल हवे, आणि समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब हवेच्या दाबाच्या पंचवीसपटींहून अधिक असल्यामुळे त्यावर मात करण्याइतका जोर लावायला हवा. फ्लोरिडा विद्यापीठातील रीड आणि ब्रेटन यांनी १९५९ मध्ये दाखवले की सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा मीठ अडवतो. मात्र द्रावक पूर्ण वाळवून केलेला तो पापुद्रा आरपार भरीव होता. पाणी त्यातून इतके थोडे झिरपे की शहराची तहान भागवण्याचा विचारही फोल ठरावा. पापुद्रा पातळ करावा तर तो दाबाखाली फाटे.

११/
याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील विभागात दोघे जण याच प्रश्नाशी झुंजत होते. सिडनी लोब हे उद्योगक्षेत्रात वर्षे घालवून चाळिशीच्या आसपास पुन्हा विद्यार्थी झालेले अभियंते, तर श्रीनिवास सौरीराजन हे भारतातून आलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी बाजारात मिळणारे सेल्युलोज ॲसिटेटचे पटल पाण्यात तापवून वापरले, तर निकाल कधी उत्तम, कधी निरुपयोगी. पुढे उलगडा झाला की पटलाच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. विशिष्ट बाजू खाऱ्या पाण्याकडे ठेवली तरच मीठ अडे. म्हणजे मीठ अडवणारा भाग एका बाजूलाच होता. आता असे पटल स्वतः, मुद्दाम घडवायचे होते.

१२/
त्यांच्या मिश्रणाची कृती आज प्रसिद्ध आहे. वजनाने सेल्युलोज ॲसिटेट २२.२ टक्के, ॲसिटोन ६६.७ टक्के, पाणी १० टक्के आणि मॅग्नेशियम परक्लोरेट १.१ टक्का. परक्लोरेटच्या द्रावणाचा धागा १९३६ मधील डोब्री यांच्या संशोधनाकडे जातो. शून्याखालील तापमानात हे द्रावण काचेवर पसरायचे, काही मिनिटे ॲसिटोन उडू द्यायचा, मग थर बर्फाच्या पाण्यात बुडवायचा आणि शेवटी सुमारे ७५ ते ८० अंशांच्या पाण्यात तापवायचा. यातील प्रत्येक पायरी द्रावकाच्या निरोपाची वेळ आणि वाट ठरवणारी होती.

१३/
१९६० मध्ये समोर आलेल्या या पटलाने मीठ अडवलेच, शिवाय पाणी आधीच्या पापुद्र्यांच्या सुमारे दहापट वेगाने जाऊ दिले. पॉलिमर तेच, सेल्युलोज ॲसिटेट. बदलले होते ते द्रावण आणि द्रावक बाहेर काढण्याची रीत. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा या गावी व्यस्त परासरणाचा, म्हणजेच आरओचा, छोटा प्रकल्प सुरू झाला. तेथील भूजल खारे होते आणि एके काळी पिण्याचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आणावे लागे. प्रयोगशाळेतील कृती प्रथमच गावाच्या नळापर्यंत पोहोचली.

१४/
हे पटल आतून कसे आहे, हे मात्र १९६४ मध्ये दिसले. सॅन डिएगो येथील जनरल ॲटॉमिकच्या संशोधकांनी त्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी चित्रे घेतली. सुमारे १०० मायक्रोमीटर जाडीच्या पटलात मीठ अडवणारी घट्ट त्वचा मायक्रोमीटरच्या जेमतेम पाव भागाएवढी होती. बाकी सारा स्पंजासारखा आधार. दाब झेलायला जाड अंग आणि पाणी गाळायला पातळ त्वचा, अशी ही विषम रचना होती. रीड-ब्रेटन यांच्यापुढील पेच द्रावकाने सोडवला होता, पण कसा, हे अजून कोणी नेमके सांगू शकत नव्हते.

१५/
कृती पुढे धावत होती, सिद्धान्त मागे होता. १९६५ मध्ये मंजिकियन, लोब आणि मॅकचन यांनी पाणी व परक्लोरेट वगळून ॲसिटोनमध्ये फॉर्मामाइड मिसळले. या एका बदलामुळे शून्याखालील तापमानाची गरज उरली नाही आणि थर साध्या खोलीच्या तापमानात पसरता येऊ लागला. उत्पादन सोपे झाले. तरीही बहुतेकांचा समज असा होता की ॲसिटोन पृष्ठभागावरून उडतो म्हणून त्वचा तयार होते. पुढील प्रयोगांनी दाखवले की थर लगेच पाण्यात टाकला तरी त्वचा येऊ शकते. म्हणजे खरे नाट्य पाण्याखाली घडत होते.

१६/
ते नाट्य समजून घेण्यासाठी दुधाचे उदाहरण उपयोगी पडते, जरी दोन्हींचे रसायन वेगळे असले तरी. तापलेल्या दुधात लिंबू पिळले की ते क्षणात फाटते. गुठळ्या भरड होतात आणि पाणी मोकळे होते. त्याच दुधाला विरजण लावले तर ते सावकाश लागते आणि एकसंध, घट्ट दही मिळते. थर पाण्यात बुडवल्यावर द्रावक बाहेर जातो, पाणी आत येते आणि एका क्षणी द्रावण पॉलिमरने दाट आणि पॉलिमरने विरळ अशा दोन भागांत फुटते. दाट भागाच्या भिंती होतात, विरळ भागाची रंध्रे. ही फूट लगेच पडली की उशिरा, यावर रचना ठरते.

१७/
हाइनर स्ट्रॅथमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ च्या सुमारास दाखवले की जलद गोठणाऱ्या पटलात बोटांसारख्या लांब पोकळ्या पडतात, तर मंद गोठणाऱ्यात स्पंजासारखी रचना येते. येथे द्रावकाची निवड निर्णायक ठरते. पाण्याशी विलक्षण सलगी असणारे डायमिथाइल फॉर्मामाइड, एन-मिथाइल पायरोलिडोन, डायमिथाइल सल्फॉक्साइड यांसारखे द्रावक बहुधा तत्काळ फूट पाडतात. त्वचा पातळ राहते, खालचा भाग मोकळा होतो आणि पाणी वेगाने जाते. पण मोठ्या पोकळ्या दाबाखाली चेपण्याचा धोका असतो. डायॉक्सेन, टेट्राहायड्रोफ्युरान यांसारखे द्रावक पाण्याशी तितके जवळीक करत नाहीत. तेथे फूट लांबते, त्वचा जाड आणि घट्ट होते, पाणी मंदावते.

१८/
नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात रॉयव्हर्स आणि स्मोल्डर्स यांनी १९८७ मध्ये याला गणिताची बैठक दिली. त्यांनी अभ्यासलेली त्रयी ओळखीची होती: सेल्युलोज ॲसिटेट, ॲसिटोन आणि पाणी. नुसत्या ॲसिटोनचे द्रावण पाण्यात बुडवले तर फूट लांबते. द्रावणात आधीच पुरेसे पाणी घातलेले असेल तर ती तत्काळ पडते. १९६० च्या कृतीतील १० टक्के पाण्याकडे या उजेडात पाहिले की चित्र बदलते. ते पाणी द्रावणाला फुटण्याच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवत होते. लोब आणि सौरीराजन यांच्या हातांनी जे साधले, त्याचे कारण कागदावर यायला पाव शतक लागले.

१९/
दरम्यान पटलच दुहेरी झाले. मिनिआपोलिस येथे जॉन कॅडॉट यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आधार आणि त्वचा वेगवेगळ्या घडवल्या. आधार पॉलिसल्फोनचा, डायमिथाइल फॉर्मामाइडच्या द्रावणातून पाण्यात गोठवलेला. त्याच्या वर पॉलिअमाइडची अतितलम त्वचा, जी एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांच्या सीमेवर जन्म घेते: एक पाणी, दुसरा हेक्सेनसारखा हायड्रोकार्बन द्रावक. स्वयंपाकघरातील आरओची गुंडाळी याच घराण्यातील. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने घरगुती गाळणीसाठी सिरॅमिक कँडलवर चढवलेले अल्ट्राफिल्ट्रेशनचे पटलही पॉलिसल्फोनच्याच जातीचे आहे. आज अनेक डायलिसिस यंत्रांतील पोकळ तंतूही पॉलिसल्फोनच्याच कुटुंबातले असतात.

२०/
इथवर द्रावक हा अदृश्य शिल्पकार भासतो. पण पटलातून गेलेला द्रावक जगातून जात नाही. तो ज्या पाण्यात उतरतो, ते पाणी कारखान्यात उरते आणि त्याची वाफ कामगारांच्या श्वासात जाते. डायमिथाइल फॉर्मामाइड यकृताला अपायकारक आहे. तो आणि एन-मिथाइल पायरोलिडोन, दोन्ही प्रजननाला घातक म्हणून वर्गीकृत आहेत. युरोपीय संघाने एन-मिथाइल पायरोलिडोनवर २०१८ मध्ये आणि डायमिथाइल फॉर्मामाइडवर २०२१ मध्ये निर्बंधांचे नियम केले आणि कामगारांच्या संपर्काची मर्यादा घालून दिली. शुद्ध पाण्याची किंमत कोणीतरी दुसऱ्या टोकाला मोजत होते.

२१/
मग द्रावक बदलून का टाकत नाहीत? या इतिहासात त्याचे उत्तर आहे. एल्फर्ड यांच्या मिश्रणात अमाइल अल्कोहोलचा अंश बदलला की वेगळीच चाळणी निघे. फॉर्मामाइड आले की तापमानाची अट बदले. तसेच आजही द्रावक बदलला की फूट पडण्याची वेळ, त्वचेची जाडी, पोकळ्यांचा आकार असे सारेच हलते आणि कृती पहिल्या पायरीपासून बसवावी लागते. सेल्युलोजपासून मिळणारे सायरीन, मिथाइल लॅक्टेट, डायमिथाइल सल्फॉक्साइड अशा पर्यायांवर काम सुरू आहे. ते काम म्हणजे एका बाटलीच्या जागी दुसरी ठेवणे इतके सरळ नाही.

२२/
इतिहास लिहिताना आपण सहसा उरलेल्या वस्तूंकडे पाहतो: नाणी, ताम्रपट, शिलालेख, इमारती. तंत्रज्ञानाच्या इतिहासात कधी कधी निर्णायक घटक मुळी उरतच नाही. संग्रहालयात जुने पटल ठेवता येईल, पण त्यातील ॲसिटोन केव्हाच उडून गेलेला असतो. तो होता, याचा पुरावा म्हणजे त्याने मागे ठेवलेली रिकामी जागा. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे माप, कोअलिंगाच्या नळाचे पाणी आणि डायलिसिसच्या रुग्णाचे शुद्ध होणारे रक्त, हे सारे त्या रिकाम्या जागेतून गेले आहे. आणि ती जागा करून देणाऱ्या द्रावकाचा हिशेब कारखान्यात अजून चुकता व्हायचा आहे.